शीड गुंडाळलं, असं मी म्हणालो

शीड गुंडाळणं म्हणजे काय, हे ग्वाल्हेरच्या माणसाला ठाऊक असायचं काही कारण नाही. आमच्याकडे समुद्र नाही, आणि घराण्यात कुणी कधी वल्हं हातात धरलेलं नाही. पूर्वज दक्षिणेतून घोड्यांवर आले आणि इथलेच झाले. त्या घोड्यांची आठवण म्हणून घरात एक गाशा उरला होता, खोगिरावर घालायचं जाड कापड. तोही आईनं कधीतरी भांडीवालीला देऊन टाकला. तेव्हा शीड राहू द्या, आम्ही आयुष्यात गुंडाळलं ते जाजम.

जाजम मात्र दादानं आणि मी पुष्कळ गुंडाळलं. गुरुवारी घरी भजन असायचं. मंडळी खिरापत खाऊन उठली की आम्ही दोघं भाऊ दोन बाजूंनी बसायचो आणि लोटत लोटत न्यायचो. शेवटचं टोक आत खोचायचं, वर गुडघा टेकून एकदा दाबायचं आणि भिंतीला उभं करायचं. बांधायचं नाही. जाजम आपल्या वजनानं बसून राहतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं सगळं त्या गुडघ्यापाशी येऊन थांबतं.

दादा माझा मोठा भाऊ. नौदलात गेला, आयुष्यभर पाण्यावर राहिला आणि निवृत्त झाल्यावर वहिनीला घेऊन परत ग्वाल्हेरला, नया बाजारात राहायला आला. "समुद्र सोडून इथे कशाला आलास?" असं मी विचारलं तर म्हणाला, "तिकडे तिळाची गजक बेकार मिळते." पण पाणी काही सुटलं नाही. कुठूनशी एक मोडकी छोटी नाव मिळवली, दुरुस्त केली, तिला डोलकाठी बसवली आणि ओळखीनं तिघऱ्याच्या तलावावर ठेवायची सोय केली. गल्लीतली माणसं त्याला 'एडमिरल साहब' म्हणू लागली. चेष्टेनंच म्हणत, पण तो सलाम घ्यायचा. रविवारी तो थाटीपुरात माझ्या सरकारी क्वार्टरखाली स्कूटर आणून हॉर्न वाजवत बसायचा, आणि मी न्हाणीघरातून ओरडायचो, "निघालो!"

"पाण्याचा आवाज येतोय तुझ्या निघण्याचा," तो खालून म्हणायचा.

आमच्या घरात ही सवयच आहे. निघालो म्हणजे आता कपडे शोधतो. झालंच म्हणजे अजून हात लावलेला नाही. कुणी त्यात खोटं पाहत नाही, ऐकणारा मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि चालवून घेतो. माझी बायको तर म्हणते, "ह्यांचं 'आलोच' ऐकलं की मी कणीक भिजवायला घेते."

नावेवर ते चालणार नाही, हे दादानं पहिल्याच रविवारी सांगितलं. शीड कसं गुंडाळायचं ते त्यानं मला करून दाखवलं. आधी दोरी सैल करून ते खाली घ्यायचं. ते झालं उतरवणं. उतरवलेलं शीड ढिगासारखं पडतं आणि त्यात हवा राहते. मग कोपरापासून मनगटापर्यंतचा हात कापडावरून फिरवून ती हवा पुसून काढायची, शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याकडे घट्ट लोटत न्यायचं आणि चार ठिकाणी पट्ट्यांनी बांधायचं. पट्ट्या वहिनीनं शिवलेल्या. तिच्या एका जुन्या सुती साडीचा लाल काठ फाडून, दुहेरी करून, मशीनवर मारलेल्या. "बाजारची दोरी कापड कापते," ती म्हणायची, "आणि तुमच्या भावाला चांगली वस्तू कापली गेलेली बघवत नाही."

"चौथी पट्टी बांधून झाली," दादा म्हणाला, "की तोंडानं म्हणायचं, गुंडाळलं. त्याआधी नाही. नुसतं लोटून ठेवलंस तर ते गुंडाळलं नाही. तीन बांधल्या तरी नाही. कळलं का सरदार? कारण तू म्हणालास की मी वळून बघणार नाही. मी माझं काम करणार."

चेष्टेत आला की तो मला सरदार म्हणतो. पण हे त्यानं चेष्टेत सांगितलं नव्हतं. पुढची काही वर्षं प्रत्येक रविवारी तो विचारायचा, "गुंडाळलं?" मी म्हणायचो, "गुंडाळलं." आणि खरोखरच तो एकदाही वळून बघत नसे. घरी किंवा ऑफिसात माझ्या शब्दावर कुणी इतकं टेकून बसत नाही. मला त्याचं फार बरं वाटायचं.

वहिनी गेली त्याला आता दोन वर्षं होतील. दादा त्यानंतर थोडा हरवल्यासारखा झाला. एकदा गॅसवर दूध ठेवून खाली पेपर आणायला गेला आणि तिथेच बोलत बसला. पुण्याला असलेल्या त्याच्या मुलीनं, माझ्या पुतणीनं, ते ऐकलं आणि मनात ठेवलं. नावेवर मात्र तो पूर्वीसारखाच होता.

जेठातली, भर उन्हाळ्यातली गोष्ट. त्या रविवारी आम्ही उशिरा निघालो, अर्थात माझ्यामुळे. दुपार कलत होती. काठापासून थोडं आत असताना वारा एकदम पडला, आणि दादा पश्चिमेकडे पाहत राहिला. तिकडची टेकडी दिसेनाशी झाली होती. तिच्या जागी मातकट पिवळा पडदा उभा होता आणि तो जवळ येत होता.

"आंधी," तो म्हणाला. "उतरव. गुंडाळ." आणि वल्ही घेऊन बसला.

वल्ही मारणाऱ्याची पाठ नावेच्या पुढच्या टोकाकडे असते. मी पुढे, डोलकाठीशी. मी शीड उतरवलं. लोटायला लागलो तोवर पहिली धूळ तोंडावर आली. डोळे उघडवेनात. पट्ट्या माझ्या पँटच्या खिशात होत्या, शीड चढवताना मीच सोडून ठेवलेल्या. खिशात हात घालायचा तर कापडावरचा एक हात सोडावा लागत होता. काठ जवळच होता. मी टोक आत खोचलं आणि वर गुडघा टेकून एकदा दाबलं.

"गुंडाळलं?" दादानं ओरडून विचारलं.

"गुंडाळलं!"

त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. घाईत चुकलं, असं मला म्हणता येणार नाही. बांधलेलं नाही हे मला म्हणताना माहीत होतं, आणि काठाला लागेपर्यंत ते टिकेल असं मी ठरवून टाकलं होतं.

ते टिकलं नाही. पुढचा झोत खोचलेल्या टोकाखाली शिरला आणि सगळं कापड एका दमात उलगडून फुगलं. आडवा दांडा उचलला गेला, गर्रकन फिरला आणि दादाच्या खांद्यावर बसला. तो ओरडलासुद्धा नाही. नाव एका अंगावर झाली, पाणी आत आलं, आणि आम्ही दोघं पाण्यात होतो. वाचलो ते काठ जवळ होता म्हणून. पाय टेकत होते म्हणून. मी त्याला काखेत धरून ओढत आणलं, आणि काठावरच्या माणसांनी आम्हाला वर घेतलं. त्याचा हात लोंबत होता.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात माझी बायको रिक्षा करून आली. पुतणी फोनवर होती, आवाज मोठा करून फोन पलंगावर ठेवलेला.

"बाबा, शीड बांधलं नव्हतं का? तुम्हीच तर सबको सिखाते फिरता!"

दादानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, जरा गोंधळून. "मी विचारलं होतं ना रे तुला? तू म्हणालास, गुंडाळलं."

बायको माझ्याकडे बघत होती. फोन ऐकत होता. माझे कपडे अजून ओले होते.

"नाही दादा," मी म्हणालो. "तू काही विचारलंच नाहीस."

 दादा छताकडे पाहून म्हणाला, "असेल."

हा शब्द मी त्याच्या तोंडी पूर्वी कधी ऐकला नव्हता. दादाला गोष्टी माहीत असायच्या किंवा नसायच्या. असेल म्हणणारा माणूस तो नव्हे.

दुसऱ्या दिवशी पँट धुवायला टाकताना बायकोला खिशात पट्ट्या सापडल्या. चारही. तिनं त्या धुऊन, इस्त्री करून माझ्या कपाटात शर्टांच्या वर ठेवल्या.

"अहो, ह्या भाऊजींच्या ना? वहिनींच्या हातच्या?"

"हो. देतो."

आठवड्यानं तिनं विचारलं, "दिल्यात?"

"दिल्या," मी म्हणालो. तोपर्यंत त्या शर्टांच्या खाली गेल्या होत्या. कपाटात कपडे तीच लावते. 

त्यानंतरचे महिने कसे गेले ते लिहायचं मला टाळावंसं वाटतं आहे, म्हणून आधी तेच लिहितो. हाड जुळलं, पण दादा बदलत गेला. घराला कुलूप लावून जिना उतरायचा आणि परत वर जाऊन ओढून बघायचा. मला फोन करायचा, "मी तुला सकाळी फोन केला होता का रे?" केलेला असायचा. मी "हो" म्हणायचो, तर पलीकडे सुटकेचा श्वास ऐकू यायचा. पट्ट्या सापडेनात म्हणून त्यानं सगळं घर उपसलं. "तिनं शिवलेल्या होत्या," तो म्हणायचा. "त्या मी कुठे ठेवल्या हेसुद्धा मला आठवू नये?" पिठाच्या डब्यात हात घालून पाहिल्याचं त्यानं मला हसत सांगितलं. मीही हसलो.

नेमकं एवढंच घडलं होतं. त्यानं विचारलेलं त्याला स्वच्छ आठवत होतं, माझं उत्तरही आठवत होतं. पण भाऊ खोटं बोलेल ही शक्यता त्याच्या डोक्यात आली नाही. मग उरली ती दुसरीच शक्यता. जे इतकं स्वच्छ आठवतंय ते घडलंच नव्हतं, म्हणजे डोकं गेलं.

पुतणी रजा काढून आली आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही गेलो. डॉक्टरांनी कागद देऊन घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. दादानं काढलं, आकडे, काटे, सगळं जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे, लक्ष ठेवा. बाहेर आल्यावर दादानं मला बाजूला घेतलं.

"बरोबर होतं ना रे? घड्याळ?"

"बरोबर होतं."

"तू सांगतोस म्हणजे असणार."

स्कूटरची किल्ली त्यानं त्याच संध्याकाळी आपणहून मुलीच्या हातात दिली.

सांगायचे प्रयत्न मी केले. एकदा त्याला महाराज बाड्याच्या चौकात फिरायला नेलं, ठरवूनच. बाकावर बसलो. तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "एक सांगू? त्या दिवशी तू नसतास तर मी गेलोच होतो. सगळ्यांना सांगतो मी, धाकट्यानं ओढून काढलं." आणि खरंच सांगितलं होतं त्यानं. पेपरवाल्यालासुद्धा. लोक मला भेटले की पाठ थोपटत. मी त्या बाकावर शेंगदाणे सोलत बसलो आणि सोललेले त्याच्या हातावर ठेवत राहिलो.

मग दिवाळीनंतर पुतणीचा निर्णय झाला. बाबांना पुण्याला न्यायचं. घर भाड्यानं द्यायचं. नाव कुणाला तरी देऊन टाकायची.

"काका, मी सारखी सुट्टी नाही ना घेऊ शकत. आणि ये अकेले रहेंगे तो मुझे नींद नहीं आती. आज गॅस आहे, कल को कुछ और. तुम्हीच समजवा ना त्यांना."

समजावायची गरज पडली नाही. दादा कशालाच नाही म्हणाला नाही. त्याचा एकच फोन आला, "शीड नावेबरोबर नीट जायला हवं. गुंडाळायला ये. माझा हात अजून वर होत नाही."

निघताना बायको दारात उभी होती. मी चपला घातल्या आणि परत आत गेलो. कपाट उघडलं. शर्टांच्या खालून पट्ट्या काढल्या. परत आलो तेव्हा ती तिथेच उभी होती.

"निघालात?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. आणि जिना उतरायला लागलो.

नया बाजारातल्या घराच्या गच्चीवर उन्हात शीड पसरलेलं होतं. कडेला खोके. पुतणी डब्यांवर चिकटपट्टी मारत होती. दादा खुर्चीवर बसला होता, हात मांडीवर ठेवून. जणू कुणीतरी त्याला तसा ठेवला होता.

"बांधायला सुतळी आणलीय तिनं," तो म्हणाला. "कापड कापेल. पण आता काय."

मी खिशातून पट्ट्या काढल्या आणि त्याच्या समोर धरल्या. पुतणीनं मान वर केली.

"अरे! कहाँ मिले? बाबा, बघा, मिळाल्या!"

"मिळाल्या नाहीत," मी म्हणालो. "माझ्याकडेच होत्या. त्या दिवशी खिशात होत्या. मी बांधलंच नव्हतं, दादा. टोक खोचलं आणि गुडघ्यानं दाबलं, आपण जाजम दाबायचो तसं. तू विचारलंस. मी म्हणालो, गुंडाळलं. तू विचारलं होतंस."

 खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला.

"परत सांग," दादा म्हणाला. आवाज अगदी खालचा.

"तू विचारलं होतंस. तुला बरोबर आठवत होतं."

"हॉस्पिटलात तू..."

"खोटं बोललो."

पुतणी उभी राहिली. हातातली चिकटपट्टी तशीच लोंबत होती. "काका, हद्द है! मी यांना डॉक्टरकडे नेलं. यांची किल्ली घेऊन ठेवली. तुम्ही तिथेच होतात! शेजारी बसून..."

"थांब गं," दादानं हात वर केला. नको तो, मोडलेला हात उचलला गेला, दुखला असणार, पण त्यानं तोंड वाकडं केलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं आता मारेल, किंवा रडेल. त्यानं दोन्ही केलं नाही. पट्ट्या घेतल्या, एकेक सरळ करून मांडीवर ठेवली, लाल काठावरून अंगठा फिरवला. मग मुलीकडे वळला.

"स्कूटरची किल्ली."

"बाबा..."

"किल्ली दे. दूध उतू गेलं होतं ते गेलं होतं, ते मी नाकारत नाही. पण किल्ली दे."

तिनं पर्समधून काढून दिली. तो ती मुठीत धरून बसला. त्याचे खांदे कितीतरी दिवसांनी सरळ झालेले मी पाहिले, आणि त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. तसा तो झालाही. पण पट्ट्या घेतल्यापासून तो माझ्याशी बोलला नव्हता.

"गुंडाळ," तो म्हणाला.

मी गच्चीवर गुडघे टेकले. हात फिरवून हवा पुसून काढली, घट्ट लोटत नेलं, पुन्हा सैल करून पुन्हा लोटलं. त्यानं मांडीवरची पहिली पट्टी पुढे केली. मी बांधली. मग दुसरी. वेळ लागला. पुतणी खोक्याला टेकून बघत होती. चौथी बांधून झाली.

मी थांबलो. आता तो विचारेल, मग मी म्हणेन, असं मला वाटलं. खरं तर त्यासाठीच मी आलो होतो, हे मला तेव्हा कळलं.

त्यानं विचारलं नाही. खुर्चीवरून उठला, माझ्या शेजारी येऊन वाकला आणि चांगल्या हातानं पहिली गाठ ओढून पाहिली. मग दुसरी. तिसरीपाशी बोट घालून आत कापड सैल आहे का ते चाचपलं. चौथी.

"ठीक आहे," तो म्हणाला, मला नव्हे, शिडाला.

तो पुण्याला गेला नाही. नाव तलावावरच आहे. थंडी कमी झाल्यावर त्यानं एका रविवारी खाली येऊन हॉर्न वाजवला, आणि मी कपडे घालून, जिन्यात येऊन, मगच ओरडलो. तो माझ्याशी बोलतो. गजक आणतो. सरदार मात्र म्हणत नाही.

मी शीड गुंडाळतो, चारही पट्ट्या बांधतो. दादा वल्ही बाजूला ठेवतो, उठतो, डोलत्या नावेत माझ्यापर्यंत येतो आणि चारही गाठी ओढून बघतो. मी तेवढा वेळ दांडा धरून उभा राहतो. मला त्याचं काही वाटत नाही, असं लिहायला मी सकाळपासून बसलो होतो.